ग्रंथालयातले कार्यक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या देवघेव काउंटरवर हल्ली पुस्तकांइतकीच चौकशी कार्यक्रमांची होते. फोनवर होते, व्हॉट्सॲपवर होते, आणि मागे रांग ताटकळत असताना पुस्तक बदलता बदलताही होते. तेच ते प्रश्न एका जुन्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर टिपत आलो होतो, ते इथे उतरवले आहेत. कायद्याचा भाग कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयाला लागू आहे. ‘आमच्याकडे’ असं जिथे म्हटलंय ती आमच्या कार्यक्रम समितीची रीत. तुमच्या शहरातलं वाचनालय वेगळं वागत असेल.

१. सभासद नसलो तरी कार्यक्रमाला येता येतं का?

येता येतं. सभासदत्व लागतं ते पुस्तक घरी न्यायला. व्याख्यान ऐकायला दारात कुणी कार्ड मागत नाही. अपवाद दोन. कार्यशाळेत जागा मोजक्या असतात, म्हणून पहिले काही दिवस नोंदणी फक्त सभासदांसाठी असते. आणि वाचक कट्ट्याला ठरलेलं पुस्तक वाचून यावं लागतं. सभासद नसाल तर ते आमच्या वाचनकक्षात बसून वाचा. कट्ट्याच्या महिन्यात एक प्रत आम्ही बाहेर देतच नाही.

२. ‘प्रवेश विनामूल्य’ लिहिलंय, मग नाव कशाला नोंदवायचं?

खुर्च्यांसाठी. सभागृहात एकशेवीस माणसं बसतात आणि जिना एकच आहे. नाव नोंदवलेल्यांपैकी निम्मेच येतात हे आता आम्हाला पाठ झालंय, तरी कोणते निम्मे हे काही कळत नाही. शुल्क फक्त साहित्य लागणाऱ्या कार्यशाळांना असतं, म्हणजे सुलेखन, पुस्तकबांधणी वगैरे. बाकी सगळं मोफत ठेवण्यामागे उदारपणाखेरीज एक कायदेशीर कारणही आहे, ते प्रश्न ९ मध्ये.

३. पहिल्या रांगेत जागा धरून ठेवली तर चालेल?

रुमाल, पिशवी, छत्री यांना श्रोते मानत नाही. पहिल्या रांगेतल्या कडेच्या चार खुर्च्या कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असतात (प्रश्न १७), बाकी जो आधी येईल त्याची.

४. वर्षभरात ठरलेले कार्यक्रम कोणते?

सरकारी दिनदर्शिकेतले दिवस बहुतेक ग्रंथालयं पाळतात. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीचा ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जन्मदिनाचा वाचन प्रेरणा दिन, आणि १४ ते २० नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव शासन भरवतं. त्यात आम्ही पाहुणे असतो, यजमान नाही.

माझं स्पष्ट मत सांगतो : दिन साजरे करणं हा कार्यक्रमाचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी प्रकार आहे. प्रतिमेला हार घातला, फोटो काढला, अहवालात ओळ गेली, झालं. वाचन प्रेरणा दिनाला तासभर सगळ्यांनी नुसतं शांत बसून वाचायचं, हे आम्ही एकदा करून पाहिलं. भाषण नाही, सूत्रसंचालन नाही. अर्ध्या तासाने एका आजोबांनी हळूच विचारलं, “कार्यक्रम कधी सुरू होणार?” पण त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त पुस्तकं बाहेर गेली. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमानंतर तेवढंच मोजतो : सभागृहातून निघालेली किती माणसं कपाटांकडे वळली.

व्याख्यानमालेची गोष्ट निराळी. ती दिनांपेक्षा जुनी आहे. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, आणि आपली बरीच जुनी वाचनालयं त्याहूनही आधीची : नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं. वाचायचं आणि मग त्यावर एकत्र बसून बोलायचं, ही जोडी इथे आयती मिळालेली आहे. आमची माला सात दिवसांची असते, उन्हाळ्यात, मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर.

५. मुलांच्या गोष्टींच्या तासाला किती वर्षांच्या मुलांना आणायचं? आम्ही थांबायचं का?

चार ते आठ. सहा वर्षांखालच्या मुलाबरोबर घरातलं कुणीतरी थांबावं, पण सतरंजीवर नको, मागच्या बाकावर. पालक शेजारी बसले की मूल गोष्टीकडे बघत नाही, आईच्या तोंडाकडे बघतं, आणि आई “सांग ना, ससा काय म्हणाला?” असं ढोसत राहते.

गोष्ट सांगताना आम्ही पुस्तक हातात धरतो आणि चित्र मुलांकडे करतो, म्हणजे सांगणाऱ्याला मजकूर उलटा वाचावा लागतो. त्याची सवय होते. गोष्ट संपली की ते पुस्तक तिथेच सतरंजीवर उघडं ठेवायचं आणि आपण उठून जायचं. मग बघा. आधी एक जण गुडघ्यांवर सरकत येतो, चिकट बोटांनी मघाचं पान शोधतो, आणि ज्याला अजून वाचता येत नाही तोही ती गोष्ट जशीच्या तशी ‘वाचून’ दाखवतो. म्हणून त्या तासाला लागणाऱ्या पुस्तकांच्या दोन-दोन प्रती घेतो. एक सतरंजीवरची, एक घरी नेण्याची. फाटलेल्या पानांबद्दल दंड नाही.

६. कविसंमेलनात मलाही कविता वाचायची आहे. निवड कशी होते?

निवड नाही, क्रम आहे. नाव आधी द्या. दोन कविता किंवा पाच मिनिटं, यातलं जे आधी संपेल ते. टेबलावर जुनी शाळेतली घंटा ठेवलेली आहे आणि ती वाजवण्याचं काम मुद्दाम सगळ्यात लहान स्वयंसेविकेकडे दिलंय. ज्येष्ठ कवी अध्यक्षांचं ऐकत नाहीत, तिचं ऐकतात. प्रास्ताविकाची मिनिटंही पाचातच धरली जातात. “ही कविता मला कशी सुचली” यात चार मिनिटं गेली तर उरलेल्या मिनिटात कविता बसवायची.

७. माझ्या पुस्तकाचं प्रकाशन तुमच्याकडे करता येईल का?

करता येईल, एका अटीवर. पुस्तकाची प्रत तीन आठवडे आधी द्यायची, आणि ती वाचलेला आमचा एखादा सभासद मंचावर तुमच्याशी वीस मिनिटं बोलेल. पाहुण्यांनी वाटेत गाडीत मलपृष्ठ वाचून केलेलं भाषण खूप ऐकून झालंय. शाली, श्रीफळं, पुष्पगुच्छ यांना मनाई नाही, पण सत्कार पाच मिनिटांत उरकायचे. विक्रीचं टेबल दाराच्या आत लावा. बाहेर लावलं की लोक चपला घालता घालता ते टाळून जातात.

याला जोडून येणारा प्रश्न : भेट दिलेली प्रत कपाटात लागेल ना? दाखल होईल, पुढे कपाटात राहणं वाचकांच्या हातात. आणि ग्रंथालयाला प्रत दिली म्हणजे कायद्याने द्यायच्या प्रती दिल्या, असा समज असेल तर तो काढून टाका. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रती पाठवायच्या असतात त्या कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नईचं कॉन्नेमारा, मुंबईचं मध्यवर्ती व दिल्लीचं सार्वजनिक ग्रंथालय या तिघांना. स्वतः पुस्तक काढणारे लेखक हे हमखास विसरतात.

८. वक्त्याला मानधन देता का?

देतो, थोडं, पण पाकिटातून नाही, खात्यात. प्रवासखर्च वेगळा. “ग्रंथालयाचं काम आहे, मानधन कसलं” असं वक्त्याने म्हणणं वेगळं आणि आम्ही म्हणणं वेगळं.

९. अभिवाचनासाठी लेखकाची परवानगी लागते का? आम्हाला पु. लं.चं वाचायचंय.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा तो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी येतो.

आधी मुदत. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेलं लेखन २०११पासून सगळ्यांना खुलं. बालकवी, केशवसुत तर कधीचेच. पु. ल. २००० साली गेले, तेव्हा २०६० संपेपर्यंत हक्क आहे. कुसुमाग्रज १९९९, म्हणजे २०५९ अखेर. लेखक जुना पण अनुवाद नवा असेल तर अनुवादकाचं साल बघायचं. इथे बरेच जण फसतात.

हक्क चालू आहे म्हणजे वाचायचंच नाही, असं मात्र नाही. कलम ५२ मध्ये सवलती आहेत आणि त्यातल्या दोन आपल्या कामाच्या. एक : प्रकाशित साहित्यातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचून दाखवता येतो. वाजवी म्हणजे किती पानं, हे कायदा सांगत नाही. अख्खी कथा म्हणजे उतारा नव्हे, एवढं अक्कल सांगते. दोन : हौशी मंडळाने श्रोत्यांकडून पैसे न घेता केलेलं सादरीकरण. आमच्या वाचक कट्ट्याचे सभासद मोफत कार्यक्रमात पूर्ण लेख वाचतात ते या आधारावर. दोन्ही शब्द महत्त्वाचे, हौशी आणि मोफत. मानधन घेणारे कलाकार आले किंवा पन्नास रुपयांची देणगी-प्रवेशिका लावली, की ही सवलत सुटली. मग प्रकाशकाला किंवा वारसांना लेखी विचारायचं. पत्र साधं लिहा : कोणता मजकूर, कुठे, कधी, किती श्रोते, तिकीट आहे की नाही. महिनाभर आधी विचारलं तर उत्तर सहसा येतं, आणि बहुधा होकाराचंच.

परवानगी लागो न लागो, लेखकाचं नाव सुरुवातीला स्पष्ट घ्यायचं आणि वाक्यं बदलायची नाहीत. आणि ते पुस्तक मंचासमोरच्या टेबलावर दिसायला हवं. ऐकून झाल्यावर “कुठल्या पुस्तकातलं हो हे?” असं विचारत येणाऱ्याला नावाची चिठ्ठी देऊ नका, पुस्तकच हातात द्या.

रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकणार असाल तर हे सगळं पुन्हा वाचायची गरज नाही, थेट प्रश्न १६ वर जा.

१०. भावगीतांच्या कार्यक्रमाला हाच नियम का?

थोडा गुंता जास्त आहे. गाण्यात शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा आणि ध्वनिमुद्रिकेचा वेगळा. सभासदांनी पेटी-तबल्यावर मोफत गाणं हौशी सवलतीत बसतं. कराओके ट्रॅक लावला की ते दुसऱ्या कुणाचं तरी ध्वनिमुद्रण झालं, त्याला परवाना हवा. व्यावसायिक गायक किंवा तिकीट असेल तर शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस या नोंदणीकृत संस्थेकडे चौकशी करा.

११. माझ्याकडे ओटीटीचं सबस्क्रिप्शन आहे. त्यावरून सिनेमा दाखवला तर?

नको. ते सबस्क्रिप्शन घरापुरतं आहे. सभागृहात दाखवणं हे जाहीर प्रदर्शन. त्याला निर्मात्याची लेखी परवानगी आणि चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र, दोन्ही लागतं. विकत घेतलेली डीव्हीडीही याच पंक्तीत बसते. दिग्दर्शक ओळखीचा आहे हे पुरत नाही, कारण हक्क बहुधा निर्मात्याचा असतो. प्रदर्शित होऊन साठ वर्षं उलटलेले चित्रपट हा एक मोकळा रस्ता. आमचा चित्रपट कट्टा बराचसा त्यावरच चालतो.

१२. अभिवाचन आणि नाटकाचा प्रयोग यात फरक कुठे पडतो?

हातात संहिता घेऊन, खुर्च्यांवर बसून वाचलं तर अभिवाचन. पाठ करून, हालचाली-नेपथ्यासह जाहीर केलं तर प्रयोग, आणि महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. मधल्या सीमारेषेवरचा कार्यक्रम असेल तर अगोदर विचारून घ्या. कॉपीराइट वेगळा आणि हे वेगळं. एक मिळालं म्हणून दुसरं सुटत नाही.

१३. रात्री दहानंतर माईक चालू ठेवता येतो का?

ध्वनिप्रदूषण नियमांनुसार (२०००) रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहात आतल्या आत ऐकू जाण्यापुरता अपवाद आहे, अंगणात मांडव घातला की तो नाही. मोकळ्या जागेत दिवसासुद्धा परवानगी लागते, आणि शंभर मीटरच्या आत रुग्णालय, शाळा किंवा कोर्ट असेल तर शांतता क्षेत्राची अडचण येते. आम्ही साडेआठला आभार मानतो. शेवटची बस पकडायची असलेले लोक त्याआधीच चुळबुळ करू लागतात.

१४. मी अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करतो. तुमच्या टाळ्यांनी डोकं उठतं. काय करता?

तक्रार रास्त आहे, आणि आम्ही ती बराच काळ हसण्यावारी नेली हेही खरं. मुलं बारा-बारा तास बसतात. वर ढोलकी वाजत असताना खाली राज्यघटनेची कलमं पाठ होत नाहीत. एकदा कोजागरीच्या कार्यक्रमात एक मुलगा शांतपणे वर आला, मागे उभा राहिला आणि गाणं संपल्यावर म्हणाला, “उद्या पेपर आहे.” एवढंच. तो निघून गेल्यावर पुढचं गाणं कुणालाच सुरू करवेना.

त्यानंतर तीन गोष्टी केल्या. राज्यसेवा, तलाठी, पोलीस भरती अशा मोठ्या परीक्षांच्या आधीच्या आठवड्यात संगीताचा कार्यक्रम ठेवत नाही. महिन्याचं वेळापत्रक अभ्यासिकेच्या दारावर आधी लागतं, मग मुख्य फलकावर. आणि कार्यक्रम समितीत अभ्यासिकेतला एक प्रतिनिधी घेतला. तो मुख्यतः नकाराधिकार वापरतो. मात्र मुलाखतीची तयारी करणाऱ्यांसाठी वक्ते बोलवायची कल्पना त्याचीच, आणि ते कार्यक्रम भरतात.

१५. सभागृह भाड्याने मिळतं का? वाढदिवस, सोसायटीची सभा, पक्षाचा मेळावा?

साहित्य, कला, शिक्षण, आरोग्य यांच्याशी संबंध असेल तर मिळतं. सोसायटीची वार्षिक सभा चालते. वाढदिवस, साखरपुडा नाही. पक्षीय मेळावा नाही, कुठल्याच पक्षाचा. राजकारण हा विषय मात्र वर्ज्य नाही. त्यावरच्या पुस्तकाची चर्चा होते आणि जोरात होते. अडचण येते ती निवडणुकीच्या तोंडावर. आचारसंहिता लागली की उमेदवाराच्या हस्ते प्रकाशन, उमेदवाराच्या आत्मचरित्रावर परिसंवाद, असलं सगळं पुढे ढकलतो. पत्रिका छापून झाल्या असल्या तरी. धार्मिक विधी नाहीत. संतसाहित्यावरची व्याख्यानं आहेत आणि कीर्तनही होतं.

१६. कार्यक्रमाचं चित्रण, थेट प्रक्षेपण, फोटो याबद्दल नियम काय?

फोटो काढा, फ्लॅश नको. चित्रण करायचं तर वक्त्याची लेखी संमती आधी घ्या. तोंडी “हो हो” नंतर कुणाला आठवत नाही. थेट प्रक्षेपण किंवा ऑनलाइन टाकणं ही कॉपीराइटच्या दृष्टीने निराळी कृती आहे. सभागृहातल्या वाचनाला जी हौशी-मोफत सवलत मिळते तिच्यावर विसंबून यूट्यूबवर टाकता येत नाही. स्वतःच्या कविता, स्वतःचं व्याख्यान, मुदत संपलेलं साहित्य बिनधास्त टाका. बाकीचं परवानगी हातात आल्यावर.

मुलांच्या कार्यक्रमात पालकांच्या संमतीशिवाय चेहरे दिसतील असे फोटो ग्रंथालय टाकत नाही. पालकांनी आपल्या मुलाचा काढलेल्या फोटोत शेजारचं मूल येतं, त्याचंही भान ठेवा.

१७. मला दिसत नाही / कमी ऐकू येतं / जिना चढवत नाही. माझ्यासाठी काय सोय?

जिना चढवत नसेल तर आधी फोन करा. लिफ्ट नाही, त्यामुळे ज्या कार्यक्रमाला अशी नोंद येते तो तळमजल्यावरच्या नियतकालिक विभागात घेतो. टेबलं सरकवायला वीस मिनिटं लागतात. उपकार नाही, ते आमचं काम आहे. कमी ऐकू येत असेल तर स्पीकरजवळच्या चार खुर्च्या.

दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करण्याचा गट दर गुरुवारी बसतो. इथे कायदा आपल्या बाजूने आहे : २०१२च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी, नफा न घेता, सुलभ स्वरूपातली प्रत करायला मुभा दिली. ती प्रत इतरांना वाटायची मात्र नाही. आवाज देऊ इच्छिणाऱ्यांना एकच सूचना, नाट्यमय वाचू नका. आमच्या एका श्रोत्या बाईंनी सांगितलं, “रडायचं कुठे ते माझं मी ठरवीन, तुम्ही स्वल्पविराम नीट घ्या.”

१८. कार्यक्रमासाठी देणगी द्यायची आहे. पावती, आयकर सवलत, बॅनर?

पावती लगेच मिळेल. सवलत त्या संस्थेची तशी नोंदणी असेल तरच, आणि तुम्ही जुनी करपद्धत घेतली असेल तरच मिळते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलीत तर मिळत नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइन द्या. बॅनर एकच, दारात. मंचाच्या मागे नाही. कै. आई-वडिलांच्या नावाने व्याख्यान ठेवता येतं, फक्त वक्ता समिती ठरवते.

१९. कार्यक्रमाला दहाच माणसं आली तर रद्द करता का?

नाही. खुर्च्या गोल करतो. वक्त्याला मंचावरून खाली बोलावतो, माईक बंद करतो. आमच्याकडचे काही चांगले कार्यक्रम असेच झाले. मागे एका पावसाळी संध्याकाळी अनुवादावर बोलायला आलेल्या बाईंसमोर सात जण होते, त्यातले दोन नुसते आडोशाला आलेले. त्या दोघांपैकी एकाने जाताना भिजलेल्या खिशातून पाकीट काढून सभासदत्वाचा अर्ज मागितला. अर्ज काउंटरच्या डाव्या खणात असतात, रात्री आठपर्यंत मिळतात.